दुसरा हात

बालगृहाच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सभागृह म्हणजे खरं तर मुलांची जेवणाची खोली. टेबलं भिंतीशी सरकवली आणि 'ताटात अन्न टाकू नये' या सूचनेवर बालसंरक्षण कार्यालयाच्या साहेबांच्या स्वागताचा फलक ठोकला, की तिचं सभागृह व्हायचं. मागच्या रांगेतली माणसं खिडकीच्या कठड्यावर चढली होती. स्वयंपाकाच्या मावशी ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. खाली टाचणी पडली असती तरी तिला लोकांनी गप्प बसवलं असतं.

मधोमध एक मुलगी बसली होती. वय अकरा. जन्मापासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. तिला सगळे छकुली म्हणत. तिच्या शेजारी ताई. या ताईंना सगळे हातवाल्या ताई म्हणायचे, कारण त्या न बोलणाऱ्या मुलांचा हात धरत आणि हात धरला की मुलं बोलू लागत. तोंडानं नव्हे, अक्षरपाटीवर. पुठ्ठ्याच्या पाटीवर सगळी मुळाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या. ताई मनगटाला आधार देणार, मुलाचं बोट एकेका अक्षरावर जाणार, आणि बालगृहाचे कारकून ते मोठ्यानं वाचणार. कारकुनांचा आवाज एरवी हजेरी घेण्याचा होता. त्या दिवशी त्याला थोडी कीर्तनाची फिरत आली होती.

"मी... आत... होते," कारकुनांनी वाचलं.

खोलीभर एक सुस्कारा फिरला.

"दार... कुणी... उघडलंच... नाही."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी रुमालाची घडी मोडली. ताई डोळे मिटून मंद हसत होत्या. "मी काही करत नाही हं," त्या म्हणाल्या. "हात तिचा, शब्द तिचे. मी म्हणजे पुस्तक टेकवायची नुसती लाकडी घोडी. फक्त एक विनंती. मनात शंका असेल तर ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा. शंकेनं लहरी तुटतात आणि मूल मिटून जातं."

लोकांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू शेजाऱ्याच्या खिशातून शंका डोकावते आहे.

बोट पुन्हा फिरू लागलं. "मला... घरी... नको. बाबांनी... चटका... दिला."

मावशींनी डोळ्यांवरचा पदर तोंडावर नेला.

सगळ्यांत मागे, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरला टेकून पुरावाबाई उभ्या होत्या. बालसंरक्षण कार्यालयात मुलांच्या आणि त्यांच्या घरांच्या चौकशा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. 'पुरावा काय?' असं विचारायची खोड होती, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलेलं. बाहेर ढग भरून आलेत असं कुणी म्हटलं, तरी या खिडकीपर्यंत जाऊन बघून येतात, असं त्यांच्याबद्दल सांगत. त्यांनाही आता स्वतःचा कंटाळा आला होता. एखादी गोष्ट ऐकून नुसतं रडावं आणि घरी जावं, असं त्यांना हल्ली फार वाटे. त्या दिवशी तर पायही दुखत होते. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटेना. छकुलीचं बोट अक्षरांवर फिरत होतं आणि छकुली पंख्याकडे बघत होती.

प्रकरण साधं होतं, म्हणजे कठीण होतं. छकुलीचे वडील इस्त्रीचा धंदा करत. आई दोन वर्षांपूर्वी वारली. मुलीच्या हातावर इस्त्रीचा चटका दिसला, शेजारणीनं कार्यालयात फोन केला, आणि चौकशी होईपर्यंत मुलीला बालगृहात आणलं. आता सोमवारी बालकल्याण समिती बसणार होती. मुलगी बापाकडे परत जाणार की त्याच्यापासून कायमची तोडून दूरच्या संस्थेत जाणार, हे तिथं ठरायचं होतं. पुरावाबाईंची चौकशी अर्धीच झाली होती, कारण चौकशीला वेळ लागतो. ताईंच्या पाटीला अर्धा तास लागला होता.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी पुरावाबाईंना खोलीत बोलावलं. ताई आधीच चहा घेत बसल्या होत्या.

"बाई, तुमची चौकशी आता संपली समजा," साहेब म्हणाले.

"माझी चालू आहे, साहेब."

"मुलगी स्वतः बोलली. याहून मोठा पुरावा तुम्हाला कोणता हवा?"

"ती पंख्याकडे बघत होती."

"तुम्हीपण बोलताना छताकडे बघता."

"बोलताना बघते. सुईत दोरा ओवताना नाही बघत."

ताई हसल्या. त्या चिडत नसत, हीच पंचाईत होती. पूर्वी त्या बालवाडीत होत्या. तीन दिवसांच्या एका शिबिरात ही विद्या शिकून आल्या होत्या आणि तेव्हापासून फुकट, उन्हातान्हात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाऊन मुलांचे हात धरत होत्या. बाई लबाड असती तर पुरावाबाईंचं काम सोपं झालं असतं. लबाड माणूस निदान मधेमधे विश्रांती घेतो.

"अहो, यांना आतून दिसतं," ताई मायेनं म्हणाल्या. "डोळे लागतच नाहीत."

"मग पाटी फिरवून उलटी धरली तरी चालेल?"

"बघा," ताई साहेबांकडे वळल्या. "तुटल्या लहरी."

दुपारी पुरावाबाई इस्त्रीवाल्याकडे गेल्या. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली त्याचं टेबल होतं. टेबलावर जुनं कांबळं, त्यावर पांढरी चादर, एका बाजूला चुरगळलेले सदरे, दुसऱ्या बाजूला घड्या. तो हात न थांबवता बोलत होता, कारण थांबला असता तर गिऱ्हाइकाची कॉलर जळाली असती.

"मुलगी म्हणते, बाबांनी चटका दिला," पुरावाबाईंनी सरळच सांगितलं.

"कोण बाबा?"

"तुम्ही."

"मी बाबा नाही, बाई." आता त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "मी घरात थोरला. धाकटी भावंडं मला नाना म्हणायची. त्यांचं ऐकून हिची आईपण नानाच म्हणायची. 'नाना आले बघ, ऊठ,' असं. बाबा म्हणजे आमचे वडील. ते तर ही व्हायच्या आधीच गेले. चटका त्यांनी दिला असेल, तर त्यांना आता कुठून आणू?"

"मग चटका कसा लागला?"

"माझं लक्ष नव्हतं." त्यानं जिन्याच्या कठड्याकडे पाहत सांगितलं. "गिऱ्हाइकाला गठ्ठा बांधून देत होतो. वळलो तर इस्त्री हिच्या हातात. लक्ष नव्हतं हे लिहा. हजारदा लिहा. पण दिला असं लिहू नका हो."

पुरावाबाईंना त्याची दया आली. पण दया म्हणजे पुरावा नव्हे. चटके देणारे बापही असंच कठड्याकडे बघत बोलतात आणि त्यांचेही डोळे भरतात, हे त्यांनी अनेक घरांत पाहिलं होतं. त्यांनी फक्त 'नाना' हा शब्द बरोबर घेतला आणि निघाल्या. वाटेत त्यांना वाटलं, बिनचूक लिहिणाऱ्या या मुलीला आपल्या बापाला घरात काय म्हणतात एवढंच कसं ठाऊक नाही?

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वाईट गोष्ट केली. व्हरांड्यात ताई भेटल्या, तेव्हा सहज बोलल्यासारखं केलं. "तिच्या वडिलांना घरात अण्णा म्हणतात म्हणे."

"असं का? गोड," ताई म्हणाल्या.

संध्याकाळच्या बैठकीत कारकुनांनी वाचलं, "अण्णांनी... चटका... दिला."

साहेब धावतच पुरावाबाईंच्या टेबलाशी आले. "घ्या. आता घरातलं नावसुद्धा आलं. हे कुणी सांगितलं तिला?"

"मी सांगितलं. तिला नाही, ताईंना. घरात त्यांना नाना म्हणतात, साहेब. अण्णा हे माझं बारसं."

साहेबांना धक्का बसला, पण भलत्याच ठिकाणी. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात? या कार्यालयात?"

"बोलले."

"मुलीनं दाराआडून ऐकलं असेल तुमचं."

"ऐकलं असेल तर आपल्या बापाचं नाव ती माझ्याकडून का शिकली?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाजवळ दर प्रश्नाला एक उत्तर शिल्लक असतं. फक्त ते शोधायला त्याला वेळ द्यावा लागतो. पुरावाबाईंजवळ वेळ नव्हता. त्यांनी सूर बदलला. "साहेब, सोमवारी समितीसमोरच एक प्रात्यक्षिक ठेवू. शंकेखोरांची तोंडं एकदाची बंद होतील. नंतर फोटोही काढता येईल."

फोटोवर साहेब विरघळले. ताईंनी तर आनंदानं होकार दिला. त्यांचा स्वतःवर विश्वास होता आणि तो तपासून बघायची वेळ आजवर कुणी त्यांच्यावर आणली नव्हती.

सोमवारी समिती बसली. अध्यक्ष होते, एक वकील होते, आणि मुलांच्या डॉक्टर होत्या. मागं खुर्चीच्या कडेवर बसलेला इस्त्रीवाला. त्यानं अंगावर घातलेला सदरा मात्र चुरगळलेला होता; स्वतःच्या कपड्याला इस्त्री करायचं त्याला सुचलं नसावं. पुरावाबाईंनी फ्रिजचं एक रिकामं खोकं कापून टेबलावर उभा पडदा केला होता. ताईंचा हात छकुलीच्या उजव्या मनगटावर, समोर पाटी, सगळं नेहमीसारखं. पण चित्र दाखवलं की छकुलीला पडद्याच्या डावीकडचं दिसणार आणि ताईंना उजवीकडचं.

"आधी पडद्याशिवाय," पुरावाबाई म्हणाल्या. दोघींना मिळून एक चित्र दाखवलं.

"चें... डू," कारकुनांनी वाचलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी अध्यक्षांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू चेंडू त्यांनीच शिवला असावा.

मग पडदा लावला. छकुलीच्या बाजूला किल्ली. ताईंच्या बाजूला कंगवा.

"कं... ग... वा," कारकुनांनी वाचलं, आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या आल्या नाहीत. पडद्याच्या दोन्ही बाजू समितीला दिसत होत्या.

छकुलीकडे पेला, ताईंकडे छत्री. "छ... त्री." कारकुनांच्या आवाजातली फिरत गेली. तो पुन्हा हजेरीचा झाला.

"मुलगी घाबरली आहे," साहेब म्हणाले. "लहरी तुटल्या."

"चेंडूच्या वेळी ठणठणीत होत्या," डॉक्टर म्हणाल्या.

"आणखी एक," पुरावाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता. पाठ दुखत असताना माणूस शेवटचं भांडं घासतो, तसा तो आवाज होता. छकुलीसमोर त्यांनी इस्त्रीचं चित्र धरलं. ताईंच्या बाजूला चंद्राचं.

बोट निघालं. च. अनुस्वार. सगळे वाकून पाटीकडे पाहू लागले. फक्त पुरावाबाईंनी पाटीकडे पाहिलं नाही. पाटीवर काय येणार हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"पाटी सोडा," त्या हळूच म्हणाल्या. "तिचा दुसरा हात बघा."

छकुलीचा डावा हात कुणीच धरला नव्हता. तो टेबलावर पालथा पडला होता आणि पुढे-मागे, पुढे-मागे सरकत होता. लांब, सावकाश, एका लयीत. टेबलाच्या काठाशी पोचला की थोडा उचलायचा, मग परत. मागं बसलेला इस्त्रीवाला उभा राहिला. त्यानं तोंडावर हात दाबून धरला होता.

"चंद्र," कारकुनांनी सवयीनं वाचलं.

ताईंनी पडदा स्वतःच्या हातानं बाजूला केला. इस्त्रीचं चित्र पाहिलं. "मी ढकलत नव्हते," त्या म्हणाल्या. "शपथेवर सांगते, मी ढकलत नव्हते."

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी प्लँचेट खेळलात कधी? कागदावर अक्षरं, मधे उलटी वाटी, वाटीवर चौघांची बोटं. वाटी फिरते, आणि चौघंही शपथ घेतात की मी ढकलली नाही. चौघंही खरं बोलत असतात. मनात अक्षर आलं की बोट आपल्याला न विचारता एवढंसं सरकतं. आपल्याला ते जाणवत नाही, वाटीला जाणवतं. इथं वाटीच्या जागी मुलीचा हात होता, एवढाच फरक."

"मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"

पुरावाबाईंनी ताईंसमोर पाण्याचा पेला सरकवला. "स्वतःशी," त्या म्हणाल्या. "तुमचा जीव होता मुलांवर, म्हणून तुम्हाला तो मुलांचा आवाज वाटला."

वकिलांनी घसा साफ केला. "म्हणजे बापानं चटका दिला नाही, असं सिद्ध झालं?"

"नाही," पुरावाबाई म्हणाल्या, आणि इस्त्रीवाल्याचा चेहरा पडला. "पाटीनं काहीच सांगितलं नाही, एवढंच सिद्ध झालं. दिलाही असेल. ते अजून शोधायचंय. मला काही आठवडे द्या."

अध्यक्षांनी दिले, आणि तोवर मुलगी बालगृहातच राहील असं ठरलं. साहेबांनी हात वर केले. फोटो काढायचा राहिला.

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, म्हणून अशा गोष्टींत ते कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी चटक्याचा आकार बघितला. न तापलेली, वायर काढलेली इस्त्री छकुलीपुढे ठेवली आणि एक रुमाल दिला. तिनं उजव्या हातात इस्त्री घेतली, डावा हात कोपरापासून आडवा ठेवून रुमाल दाबून धरला आणि बाप करतो तशी इस्त्री फिरवू लागली. चटका होता तिथंच दर वेळी इस्त्रीची कड येऊन टेकत होती. आधीच्या आजारपणात तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारलं; अंगावर दुसरी कुठली खूण कधी नव्हती. फोन करणाऱ्या शेजारणीला परत भेटून विचारलं, तेव्हा तिनं चटका पाहिला होता, तो लागताना पाहिला नव्हता, हे तिनं स्वतःच सांगितलं. पुरावाबाई न कळवता जिन्याखाली जाऊन बसल्या, सकाळी, दुपारी, धंद्याच्या गर्दीत. वडील भेटायला आले, की छकुली आधी त्यांच्याकडे बघायचीच नाही. मग जवळ जाऊन त्यांच्या पोटाला कपाळ टेकवून उभी राहायची आणि कुणी हलवलं तरी हलायची नाही. यातली कुठलीच गोष्ट एकटी पुरेशी नव्हती. सगळ्या मिळून पुरेशा होत्या.

छकुली घरी गेली, पण 'जा' म्हणून सोडून दिलं नाही. इस्त्रीपर्यंत तिचा हात पोचू नये म्हणून टेबलाला बाजूची फळी लागली, कामाच्या वेळी ती न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली. तिथं तिला चित्रांचे पत्ते मिळाले. पाणी हवं तर पाण्याचा पत्ता उचलून समोरच्याला द्यायचा. ही पद्धत खूप मुलांवर, खूप ठिकाणी आजमावून बघितलेली होती, आणि तिच्यात मुलाचा हात कुणी धरत नाही. पहिल्या महिन्यात छकुलीनं एकच पत्ता दिला. पाणी. कविता वगैरे काही नाही.

"यात विशेष काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. तिला तहान लागली होती."

मुलांच्या भल्यासाठी रोज कुणीतरी नवी पाटी घेऊन येतं. आणणारे बहुतेक वेळा भले लोक असतात. आपलाही जीव तुटत असतो, म्हणून आपल्याला घाई असते. तेव्हा एवढंच करावं. हे खरं नसेल तर कसं दिसेल, असं आधी विचारावं, आणि तसं दिसतं का ते बघून यावं. ज्याला तपासलं की राग येतो किंवा ज्याच्या लहरी तुटतात, त्याच्या हातात मूल देऊ नये. तपासणं म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे. मूल खरोखर काय सांगतंय ते ऐकायची दुसरी रीत अजून सापडलेली नाही.

समितीच्या त्या दिवशी डॉक्टरांनी जाता जाता एक प्रश्न विचारला होता. "ताई, आणखी कुणाचे हात धरलेत?" ताईंनी बऱ्याच मुलांची नावं सांगितली. त्यांतल्या एका मुलाला पाटीच्या शब्दावर आईपासून तोडलेलं होतं. ती चौकशी आता पुन्हा पहिल्यापासून करायची होती. पुरावाबाई पर्स उचलून निघाल्या, तेव्हा ताई दाराशी उभ्या होत्या.

"मी येते बरोबर."

"नाही आलात तरी चालेल. ती बाई बोलेल तुम्हाला."

"म्हणूनच येते."

दोघी त्या मुलाच्या आईच्या इमारतीचे तीन जिने चढल्या. दुसऱ्या मजल्यावर पुरावाबाई दम खायला थांबल्या आणि ताईही थांबल्या. दार उघडलं ते एका बारीक बाईनं, हाताला साबणाचा फेस. तिनं ताईंना ओळखलं. एक पाऊल मागे सरकली, दाराची कड घट्ट धरली.

"आता आणखी काय लिहिलं त्यानं?" तिनं विचारलं.

पुरावाबाईंनी बोलायला तोंड उघडलं होतं. पण ताई पुढे झाल्या.

"त्यानं काहीच लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मी होते."